अ ते ज्ञ : मुंबईचा पत्ता असलेले हिंदी चित्रपट

मॅटिनीवाला (धागाकर्ता)

हिंदी चित्रपटांच्या याद्या पोत्यानं मिळतात. सालवार, नटवार, गल्ल्यावार. अक्षरवार म्हणाल तर सगळ्या ए ते झेड. त्यात आपल्या अक्षरांची पार खिचडी होते: 'कथा' आणि 'खट्टा मीठा' एकाच खणात, 'शोले' आणि 'सत्या' एकाच खणात. म्हणून म्हटलं, मुळाक्षरांप्रमाणे लावून बघू. पण नुसती नावं लावण्यात मजा नाही, म्हणून एक अट घातली. चित्रपटाला मुंबईचा पत्ता हवा. म्हणजे गोष्ट मुंबईत घडलेली हवी, नाहीतर इथल्या एखाद्या थेटराशी किंवा स्टुडिओशी त्याचं नाव कायमचं जोडलेलं हवं. जोडाक्षर असेल तर पहिलं व्यंजन धरायचं. अनुस्वारवाले 'अं' मध्ये, बाराखडीत असतात तसे स्वरांच्या शेवटी.

सुरुवात करतो, तुम्ही भर घाला.

अ वर गर्दी आहे. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) घेतला नाही तर लोक मारतील. मनमोहन देसाई खेतवाडीतले, आणि त्या एका वर्षात त्यांचे चार चित्रपट लागले: हा, 'परवरिश', 'धरम वीर' आणि 'चाचा भतीजा'. पण माझं मत 'अर्धसत्य'ला (१९८३). गोविंद निहलानींचा. ओम पुरीचा सब-इन्स्पेक्टर वेलणकर हा हिंदी पडद्यावरचा सगळ्यात खरा मुंबई पोलीस आहे. त्याच्या आधीचे आणि नंतरचेही बहुतेक पोलीस गणवेश भाड्यानं आणल्यासारखे वाटतात.

आ : 'आलम आरा', दुसरं काही नाही. १४ मार्च १९३१, गिरगावातलं मॅजेस्टिक, पहिला बोलपट. अर्देशिर इराणींच्या इंपीरियल कंपनीचा. सात गाणी होती म्हणे, आज एकही प्रिंट शिल्लक नाही. ज्या चित्रपटापासून हिंदी पडदा बोलायला लागला, तोच आता मुका झाला.

इ, ई, उ, ऊ भराभर: 'इत्तेफाक' (१९६९) गाण्यांशिवायचा, म्हणून लक्षात राहिलेला. बाकी तिन्ही कोरे. 'उमराव जान' म्हणू नका, तो लखनौचा. ऋ ला हिंदीवाल्यांनी हातच लावलेला दिसत नाही.

ए : 'एक चालीस की लास्ट लोकल' (२००७). फार गाजला नाही, पण शेवटची लोकल चुकलेल्या माणसाची रात्र हा विषय मुंबईबाहेरच्या कुणाला सुचला असता का?

ऐ : 'ऐ दिल है मुश्किल' (२०१६). चित्रपटाचा मुंबईशी काही संबंध नाही, पण नाव 'सीआयडी' या जुन्या चित्रपटातल्या गाण्याच्या ओळीचं, आणि त्या गाण्याचा मात्र पुरता संबंध आहे. पळवाट काढून घेतोय, माहीत आहे.

ओ : 'ओम शांति ओम' (२००७). सत्तरच्या दशकातला ज्युनियर आर्टिस्ट.

औ : 'औरत' (१९४०). मेहबूब खानांनी हाच पुढे १९५७ मध्ये 'मदर इंडिया' म्हणून पुन्हा केला.

अं : 'अंदाज' (१९४९). मरीन लाइन्सचं लिबर्टी थेटर याच चित्रपटानं उघडलं. राज कपूर, दिलीपकुमार, नर्गिस, तिघं एकत्र. लिबर्टीचं नाव लक्षात ठेवा, म आणि ह वर पुन्हा येणार आहे.

स्वर संपले. व्यंजनं तुमच्या मदतीनं.

---

बाल्कनीवाली

छान धागा! वाचनखूण साठवली. 'अं' मध्ये 'अंकुश' (१९८६) विसरू नका. नाक्यावर उभी राहणारी बेकार पोरं, नाना पाटेकर, दिग्दर्शक एन. चंद्रा. थेटर नाही उघडलं त्यानं, पण गिरणी संपानंतरच्या मुंबईतलं रिकामपण त्यात आहे.

क मी घेते. 'किस्मत' (१९४३) आणि 'कथा'. 'किस्मत' बॉम्बे टॉकीजचा, म्हणजे मालाडचा. हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी १९३४ मध्ये मालाडला स्टुडिओ काढला, तेव्हा तिथे जायचं म्हणजे गावाला जायचं. अशोककुमारचा पाकीटमार नायक. कलकत्त्याला एकाच थेटरात तीन वर्षांच्या वर चालला. आपल्याकडे 'शोले' येईपर्यंत त्याचंच उदाहरण द्यायचे सगळे.

'कथा' सई परांजप्यांचा. चाळ, कॉमन गॅलरी, प्रत्येकाचं प्रत्येकाकडे लक्ष. नसीरुद्दीन कासव आणि फारुख शेख ससा. हिंदी चित्रपटात चाळ बहुतेक गुंड जन्माला घालायला किंवा रडायला येते. इथे लोक तिच्यात नुसते राहतात, हेच मला आवडतं.

---

पिटातला_प्रेक्षक

थेट मुद्द्यावर येतो. श वर 'शोले'. १५ ऑगस्ट १९७५, लॅमिंग्टन रोडचं मिनर्व्हा, सत्तर एमएम, पाच वर्षांच्या वर मुक्काम. विषय संपला.

---

मॅटिनीवाला

@पिटातला, श ला अजून वेळ आहे. रांगेत या. :)

@बाल्कनीवाली, दोन्ही घेतले. 'अंकुश'सुद्धा.

ख : 'खट्टा मीठा' (१९७८). दोन पारशी कुटुंबं, अशोककुमार आणि पर्ल पदमसी. मुंबईतल्या पारशांना नुसतं विनोदासाठी न वापरणारे हिंदी चित्रपट बोटांवर मोजावेत, त्यातला हा.

ग : 'गमन' (१९७८) आणि 'गली बॉय' (२०१९). 'गमन'मधला फारुख शेख उत्तर प्रदेशातून येऊन टॅक्सी चालवतो. आपला सुरेश वाडकर तिथे 'सीने में जलन' गातो, शब्द शहरयारचे, संगीत जयदेवचं. एखाद्या शहरात सगळेच हैराण का दिसतात, असं विचारणारं गाणं मुंबईतल्या टॅक्सीवाल्याच्या तोंडी शोभतं. 'गली बॉय' धारावीचा. दोघांत चाळीस वर्षं आणि दोघांत गाडी चालवणारा नायक, हे यादी लावताना लक्षात आलं.

घ वर मी थांबणार आहे. 'घरौंदा' (१९७७). भीमसेन यांचा, कथा शंकर शेष यांची. अमोल पालेकर आणि जरीना वहाब, एकाच ऑफिसात काम करणारे, लग्न ठरलेले, आणि लग्न अडलंय कशावर तर जागेवर. पैसे साठवून बांधकामात गुंतवतात, बिल्डर बुडवतो. 'दो दीवाने शहर में' गुणगुणणारे पुष्कळ आहेत. पण त्यानंतर चित्रपट किती कडू होत जातो, हे विसरतात. म्हातारा मालक, त्याच्याशी लग्न करायला प्रेयसीला भरीला घालणारा नायक. ब्लॉकची चावी मिळावी म्हणून माणूस कुठवर घसरतो, हे हिंदीत इतक्या सरळ कुणी मांडलं नव्हतं. आता याच्या शेजारी श मधला 'श्री ४२०' (१९५५) ठेवा. तिथे राज कपूर गरिबांना शंभर रुपयांत घर देण्याची योजना काढून फसवायला निघतो. मध्ये बावीस वर्षं गेली, फसवणुकीचा माल तोच. यादी अक्षरवार लावली की असे शेजारी भेटतात. म्हणूनच मला श वर 'श्री ४२०' हवाय.

---

पिटातला_प्रेक्षक

हे चीटिंग आहे. घ मध्ये बसून श चा निकाल लावताय.

---

गिरगावचा_नाका

च वर 'चक्र' (१९८१) घ्याच. जयवंत दळवींची कादंबरी, स्मिता पाटीलचं काम, लोकार्नोच्या चित्रपट महोत्सवात सुवर्ण बिबळ्या हा पुरस्कार मिळालेला. दिग्दर्शक रवींद्र धर्मराज चित्रपट झाल्यावर थोड्याच दिवसांत गेले. झोपडपट्टीवरचे चित्रपट नंतर खूप आले, पण दळवींनी ती माणसं बाहेरून बघून लिहिली नव्हती.

आता जरा मागे जा. तुमच्या 'अर्धसत्य'ची मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', पटकथा तेंडुलकरांची, त्यातली कविता दिलीप चित्र्यांची. 'कथा' शं. गो. साठ्यांच्या 'ससा आणि कासव' नाटकावर. पुढे भ वर 'भूमिका' (१९७७) येणारच, तो हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'वर. प वर 'पिया का घर' (१९७२) म्हणजे 'मुंबईचा जावई'. द वर 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) घेतलात तर कथा गदिमांची.

तुम्ही मुंबईचा पत्ता शोधताय, पण हिंदी चित्रपटाला मुंबई ज्यांनी दाखवली त्यातले किती मराठीत लिहिणारे होते बघा. गाणारे-नाचणारे आपले होते हे सगळे सांगतात. लिहिणाऱ्यांचं कुणी सांगत नाही.

---

खारीबिस्कीट

+१ नाका. 'भूमिका' आत्मचरित्रावर आहे हे माहीत होतं, पण 'अर्धसत्य' पानवलकरांचा हे आज कळलं.

---

मॅटिनीवाला

@नाका, मुद्दा पटला. पण अट मुंबईची आहे, मराठीची नाही. 'दो आँखें बारह हाथ' औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून सुचलेला. तो मुंबईत कसा बसवू?

---

गिरगावचा_नाका

शांतारामबापूंचा राजकमल स्टुडिओ परळला. तुमच्याच अटीत 'स्टुडिओशी नाव जोडलेलं' असं लिहिलंय.

---

मॅटिनीवाला

मग बसला. त्याच न्यायानं झ वर 'झनक झनक पायल बाजे' (१९५५), शांतारामबापूंचा, गोपीकृष्ण आणि संध्या, संगीत वसंत देसाई. झ चा प्रश्न सुटला. नाहीतर मी 'झुमरू'वर वेळ मारून नेणार होतो.

---

अपडाऊन

छ वर 'छोटीसी बात'. वाद नको. बस स्टॉप, बेस्टची रांग, ऑफिस, जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार हॉटेल. बासू चटर्जींनी मुंबईत जे पाहिलं ते आपण रोज बघून न बघितल्यासारखं करतो. समोवार २०१५ मध्ये बंद झालं, तिथला पराठा आता फक्त आठवणीत.

ब वर त्यांचाच 'बातों बातों में' (१९७९). वांद्र्याची ख्रिस्ती घरं, चर्चगेट लोकल, फर्स्ट क्लासच्या डब्यातलं प्रेम. आणि म वर 'मंझिल' (१९७९). चित्रपट ठीकठाक आहे, पण लताबाईंच्या आवाजातलं 'रिमझिम गिरे सावन' भर पावसात मरीन ड्राइव्हला, ओव्हलला चित्रित केलंय. कृत्रिम पाऊस नाही, छत्री नाही. अमिताभ सुटाबुटात आणि मौसमी चटर्जी साडीत भिजतायत. आमच्या गाडीत पावसाळा लागला की कुणाच्या तरी मोबाइलवर हे वाजतंच.

---

बाल्कनीवाली

@अपडाऊन, म वर 'मंझिल'? आणि 'मुगल-ए-आझम', 'मदर इंडिया' कुठे जाणार?

---

मॅटिनीवाला

म ला तिन्ही ठेवतो, हे अक्षर तेवढं सोसेल. 'मदर इंडिया' लिबर्टीला, ऑक्टोबर १९५७. 'मुगल-ए-आझम' ५ ऑगस्ट १९६० ला मराठा मंदिरला. थेटर नवं होतं, १९५८ चं. प्रिंट हत्तीवरून आणली होती, तिकिटासाठी लोक रांगेतच मुक्काम ठोकून होते, घरून डबे येत होते. माझ्या मामांच्या मते त्या रांगेत ओळख होऊन पुढे सोयरीक जमलेली दोन घरं भायखळ्यात होती. मामांची कुठलीही गोष्ट मी चवीपुरती घेतो.

मराठा मंदिर आलंच आहे तर द : 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' (१९९५). डिसेंबर २०१४ मध्ये तिथे हजार आठवडे झाले. गोष्ट लंडन-पंजाबची, पण मुंबई सेंट्रलला उतरून, गाडीला वेळ आहे म्हणून सकाळच्या खेळाला शिरणाऱ्या पाहुण्यांनी तो मुंबईचा करून टाकला. त्याच्या जोडीला 'दीवार' (१९७५). गोदीतला हमाल, ७८६ चा बिल्ला, पुलाखाली दोन भाऊ. सलीम-जावेदनी तस्कर हाजी मस्तानवरून उचललं असं सगळे म्हणतात, ते सोडा. मला त्यात गोदीतली मजुरी दिसते, ती आवडते.

---

शुद्धलेखन_पोलीस

दोन तांत्रिक हरकती.

एक, 'द लंचबॉक्स' (२०१३) द मध्ये की ल मध्ये? इंग्रजी याद्यांत 'द' सोडून देतात. देवनागरीत लिहिल्यावर 'द' हे चक्क अक्षर आहे, ते सोडायचं कसं?

दोन, 'श्री ४२०' मधला आकडा आणि 'थ्री इडियट्स' मधला आकडा. एकात शेवटी आहे म्हणून चालतो, दुसऱ्यात सुरुवातीला आहे. आकडे कुठल्या वर्गात येतात?

---

मॅटिनीवाला

'द लंचबॉक्स' ल मध्ये. डबा चुकीच्या पत्त्यावर गेला तरी शेवटी नाव डब्याचंच. इरफान, निमरत कौर आणि डबेवाले. 'द' मध्ये आधीच पाय ठेवायला जागा नाही.

आकडे उच्चाराप्रमाणे. त्यामुळे थ वर 'थ्री इडियट्स' (२००९) जातो. पण मुंबईचा पत्ता नाही, तेव्हा बाद. थ रिकामा.

ज चं कुणी बोललंच नाही! 'जाने भी दो यारों' (१९८३). कुंदन शाहांचा. दोन फोटोग्राफर, बिल्डर तरनेजा आणि आहुजा, कोसळणारा उड्डाणपूल, आयुक्त डिमेलोंचं प्रेत घेऊन शहरभर फिरणं, आणि शेवटी महाभारताच्या नाटकात तेच प्रेत द्रौपदी. एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाच्या तुटपुंज्या पैशांत केलेला. दर पावसाळ्यात एखादा पूल बातमीत आला की लोक याचीच आठवण काढतात.

ट : 'टॅक्सी ड्रायव्हर' (१९५४). नवकेतनचा, देव आनंद, पन्नासच्या दशकातले मोकळे रस्ते. याच चित्रपटाच्या चित्रीकरणात जेवणाच्या सुट्टीत देव आनंद आणि कल्पना कार्तिक यांनी लग्न उरकलं. लंच ब्रेकमध्ये लग्न, हे मुंबईतच होऊ शकतं.

ड : 'डॉन' (१९७८). त : 'तेजाब' (१९८८), पुन्हा एन. चंद्रा. ध : 'धोबी घाट'. न : 'नौ दो ग्यारह' (१९५७), दिल्लीहून ट्रकनं मुंबईला निघालेला देव आनंद, विजय आनंद यांचं पहिलं दिग्दर्शन. ठ, ढ, ण साठी कुणी काही सुचवलं तर बघू.

---

खारीबिस्कीट

ढ : 'ढिशूम'. ठ : 'ठग्स ऑफ हिंदोस्तान'. हसू नका, २०१८ मध्ये मी तिकीट काढून पाहिलाय.

इ वर 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) का नाही? शशी गोडबोले इतकी आपली नायिका हिंदीत दुसरी नाही.

---

शुद्धलेखन_पोलीस

गोडबोले पुण्याच्या. पत्ता बाद.

---

खारीबिस्कीट

पुण्याचे लोक इथे मॉडरेटर झाले वाटतं.

---

गिरगावचा_नाका

फ : 'फुटपाथ' (१९५३). दिलीपकुमार, काळाबाजार, तलतचं 'शाम-ए-ग़म की क़सम'. र : 'रजनीगंधा' (१९७४), अर्धा दिल्लीत अर्धा मुंबईत, आणि मुंबईचा अर्धा टॅक्सीच्या खिडकीतून. व : 'वास्तव' (१९९९). मांजरेकरांचा. पावभाजीच्या गाडीवर एक भांडण होतं आणि घर संपतं. रीमा लागू आणि शिवाजी साटम हे आईबाप बघा. हिंदी चित्रपटातल्या मराठी आईबापांना एरवी 'बेटा' म्हणण्यापलीकडे काम नसतं.

स वर तुमचं 'सीआयडी' (१९५६) आणि 'सत्या' (१९९८) दोन्ही येतील. जॉनी वॉकरच्या तोंडचं गाणं आणि समुद्राकडे तोंड करून ओरडणारा भिकू म्हात्रे. दोघांना शहराशी बोलायचंय, एक टांग्यातून चिमटे काढत, दुसरा खडकावरून मालकी सांगत. 'सलाम बॉम्बे' (१९८८) पण घ्या.

---

बाल्कनीवाली

ह : 'हम आपके हैं कौन' (१९९४). लिबर्टीत शंभर आठवड्यांच्या वर. चित्रकार हुसेनसाहेब माधुरीसाठी पुन्हा पुन्हा येत. आमच्या ऑफिसातल्या बायका शनिवारी अर्धा दिवस संपला की चालत लिबर्टी गाठायच्या, साडी-दागिन्यांचा बारीक हिशेब पुढचा आठवडाभर चालायचा. पुरुषमंडळी त्याला लग्नाची व्हिडिओ कॅसेट म्हणून हसायची, मग तीच बायकोला घेऊन रांगेत दिसायची.

म्हणजे लिबर्टीचे अं, म, ह झाले. मराठा मंदिरचे द आणि म, आणि 'पाकीजा' (१९७२) धरला तर प. अक्षरांऐवजी थेटरांची यादी केली असती तरी चाललं असतं.

---

मॅटिनीवाला

ती पुरवणी म्हणून करतो: थेटरांमुळे मुंबईचे झालेले. 'पाकीजा', 'मुगल-ए-आझम', 'दिलवाले', 'हम आपके', आणि 'शोले'. मुख्य यादीत गोष्टीनं मुंबईचे असलेलेच ठेवू. क्ष वर 'क्षत्रिय' (१९९३) सापडतो, पण तो राजस्थानी संस्थानिकांचा. ज्ञ वर काही नाही. य वर 'यादों की बारात' (१९७३).

तेव्हा श : 'श्री ४२०'.

---

पिटातला_प्रेक्षक

'शोले' पुरवणीत? पाच वर्षं मिनर्व्हाचा बोर्ड उतरला नाही, तो पुरवणीत? आणि चित्रीकरण कर्नाटकातल्या रामनगरला झालं असं सांगू नका, रेल्वेवरचा दरोडा पनवेलजवळ चित्रित झालाय. मुंबईबाहेर म्हणाल तर आता पनवेलपर्यंत लोकल जाते. मतदान घ्या.

---

अपडाऊन

पनवेलकर म्हणून माझं मत 'शोले'ला.

---

बाल्कनीवाली

'श्री ४२०'.

---

शुद्धलेखन_पोलीस

मुळाक्षरात 'शो' आधी की 'श्री' आधी, ते आधी ठरवा. बाराखडीनं 'शो' आधी येतो.

---

पिटातला_प्रेक्षक

पोलीससाहेब, चहा माझ्याकडून.